व्होल्टेज, विद्युतदाब की विभवांतर?

प्रश्न असा आलाय की वाकवता येणाऱ्या मॅग्नेशिअम-आयन बॅटरीवरचा लेख मराठीत करताना व्होल्टेजला विद्युतदाब म्हणायचं का विभवांतर. माझं मत, समजावून सांगताना विभवांतर (दोन टोकांच्या विभवातला, म्हणजे विद्युत पातळीतला फरक) आणि नुसता आकडा द्यायचा तिथे सरळ व्होल्टेज.

दाब हा शब्द चांगलाच रुळलाय, महावितरणचे ग्राहकसुद्धा लघुदाब नि उच्चदाब असेच असतात. पण दाब म्हटलं की तो एकाच जागी असल्यासारखा वाटतो ना, आणि बॅटरीत तर सगळा खेळ दोन टोकांमधल्या फरकाचा. मल्टिमीटरची एकच पिन पेन्सिल सेलला लावून बघा, कामाचं काही दिसत नाही, दुसरी टेकवली की लगेच १.५ च्या आसपास.

तुमच्या लेखात तर हे अंतरच मुद्द्याचं आहे, कारण हायड्रोजनच्या तुलनेत लिथिअमचा विभव उणे ३.०४ व्होल्ट आणि मॅग्नेशिअमचा उणे २.३७, म्हणजे समोरचं टोक तेच ठेवलं तरी मॅग्नेशिअम जवळपास ०.६७ ने मागेच राहणार. २००० साली इस्रायलमध्ये ऑरबाख या संशोधकांच्या गटाने जी पुन्हा चार्ज होणारी मॅग्नेशिअम बॅटरी दाखवली ती साधारण १.१ व्होल्टचीच होती, मोबाइलची ३.७ असते.

आता वाकवण्याचं. "वाकवल्यावर दाब कमी झाला" असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल आतून काहीतरी गळालं. नुसतं वाकवून पदार्थ बदलत नाहीत, त्यामुळे लोड (बॅटरीवर चालणारं उपकरण) नसताना विभवांतर जवळपास तेवढंच राहतं, पण आतले थर एकमेकांपासून जरा सुटले की रोध वाढतो आणि लोड लावला की व्होल्टेज पडतं. हे "पडतं" तसंच ठेवा, गावाकडे मोटर उचलत नाही तेव्हा लोक हेच म्हणतात. आणि हो, लवचीकमधली ची दीर्घ, लवचिकतामधली ऱ्हस्व.

अजून एक, ॲनोडला डोळे झाकून धनाग्र लिहू नका!! पाठ्यपुस्तकातलं ते विद्युत अपघटनासाठी बरोबर आहे, पण बॅटरी वापरात असताना ॲनोड म्हणजे मॅग्नेशिअमचं टोक, आणि ते ऋण असतं. तिथे ॲनोडच राहू द्या.