रॉबर्ट फ्रँक यांचे ‘द अमेरिकन्स’ हे छायाचित्रांचे पुस्तक इतके महत्त्वाचे का मानले जाते?

‘द अमेरिकन्स’चे खरे सामर्थ्य सुट्या छायाचित्रांपेक्षा त्यांच्या क्रमात आहे, म्हणून ते संगणकावर एकेक चित्र चाळण्याऐवजी पुस्तक हातात घेऊनच पाहावे. मूळचे स्वित्झर्लंडचे असलेले फ्रँक गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर (कलावंत व अभ्यासकांना मिळणारी अमेरिकी शिष्यवृत्ती) १९५५-५६ मध्ये अमेरिकाभर फिरले आणि हजारो छायाचित्रांतून त्यांनी अवघी ८३ निवडली. कॅलिफोर्नियातील कापडाने झाकून ठेवलेल्या मोटारीनंतर पान उलटले की ॲरिझोनातील रस्त्याकडेला घोंगडीखाली झाकलेला अपघातग्रस्ताचा देह आणि शेजारी निमूट उभी असलेली माणसे दिसतात; मोटारीच्या वेडाविषयी एक शब्दही न लिहिता इतके नेमके भाष्य मला अन्यत्र क्वचितच आढळले आहे. १९५८ च्या पॅरिस आवृत्तीत चित्रांसोबत इतर लेखकांचे उतारे होते. ते वगळून अमेरिकी कादंबरीकार जॅक केरुआक यांची प्रस्तावना घेतलेली १९५९ ची अमेरिकी आवृत्ती अधिक परिणामकारक आहे, त्यामुळे पुनर्मुद्रण घेताना तीच मांडणी पाहून घ्यावी. मात्र क्रमातून अर्थ उभा करण्याची ही रीत फ्रँक यांनीच सुरू केली, असे समजू नये. अमेरिकी छायाचित्रकार वॉकर इव्हान्स यांच्या १९३८ च्या ‘अमेरिकन फोटोग्राफ्स’मध्ये ती स्पष्टपणे आढळते.