२.४ गिगाहर्ट्झचा स्रोत शोधायचाय? काडी काढा, बायक्वाड लावा

रेडिओ सिग्नलची ताकद व्होल्टेजमध्ये दाखवणाऱ्या एडी८३१८ मॉड्यूलला ३० सेंमीचा टेलिस्कोपिक अँटेना लावलात, पण खोलीत कुठेही उभं राहिलं तरी रीडिंग जवळपास तेच. लपवलेला वाय-फाय कॅमेरा कुठल्या बाजूला आहे ते कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मॉड्यूल बदलू नका, अँटेना बदला. २४५० मेगाहर्ट्झची तरंगलांबी १२२ मिमी. ३० सेंमीची काडी तिच्या जवळजवळ अडीचपट होते आणि तिचा ऐकण्याचा पॅटर्न अनेक पाकळ्यांत फुटतो. पाव तरंगलांबीची, ३० मिमीची काडी लावली तर ती चहूबाजूंचं सारखंच ऐकेल. तुम्हाला दिशा हवी आहे, म्हणून बायक्वाड करा, म्हणजे एका बाजूचं जास्त ऐकणारा दोन चौकोनांचा अँटेना.

१.५ मिमी जाड तांब्याची २४४ मिमी तार घ्या. दर ३०.५ मिमीवर काटकोनात वाकवून कोपऱ्याला कोपरा भिडलेले दोन चौकोन करा, दोन्ही टोकं मधल्या कोपऱ्यात एकत्र झाळा. माप तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरा. बाहेरच्या कडेने मोजलंत तर प्रत्येक बाजू दीड मिमी आखूड होते आणि फ्रीक्वेन्सी शंभरेक मेगाहर्ट्झने वर सरकते.

मागे १२३ मिमी चौरस कॉपर-क्लॅड (तांब्याचा थर असलेला) बोर्ड, त्यापासून तार १५ मिमीवर, बाहेरच्या दोन कोपऱ्यांना प्लास्टिकचा आधार. मधल्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत २ मिमी फट ठेवा; एकाला कोॲक्स केबलची मधली तार, दुसऱ्याला तिच्याभोवतीची जाळी झाळा. जाळीचा एखादा केसासारखा धागा फट ओलांडतो आणि अँटेना बहिरा होतो. हा दोष मल्टिमीटरने सापडणार नाही, कारण तार बंद वळसा असल्याने तो कायम बीप देतो. भिंगातूनच बघा. आरजी-१७४ ही बारीक कोॲक्स केबल मीटरला साधारण २ डेसिबेल खाते, म्हणून १५ सेंमीवर थांबा.

एडी८३१८चं आउटपुट उलटं चालतं: सिग्नल वाढला की व्होल्टेज डेसिबेलमागे सुमारे २५ मिलीव्होल्ट उतरतं. त्यातून वाय-फाय तुकड्यातुकड्यांत बोलतं, त्यामुळे मीटर सरासरीच दाखवतो. मायक्रोकंट्रोलरवर भराभर सॅम्पल घेऊन २०० मिलिसेकंदांतली सर्वांत कमी किंमत दाखवा.

आधी स्वतःचा फोन आणि राउटर बंद करा. चौकोन आडवे शेजारीशेजारी असतील तर ध्रुवीकरण (लहरीच्या कंपनाची दिशा) उभं असतं. ९० अंशांत फिरवूनही बघा. लोखंडी कपाटावरून परावर्तन होतं, म्हणून तीन जागांवरून दिशा घ्या आणि रेषा कुठे छेदतात ते पाहा. जवळ पोचल्यावर मॉड्यूल भरून जातं, तेव्हा मध्ये २० डेसिबेलचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) घाला.

कॅमेरा ५.५ गिगाहर्ट्झच्या आसपास असेल तर चौकोनाची बाजू १३.६ मिमी, बोर्डापासून अंतर ७ मिमी. नुसत्या मेमरी कार्डावर रेकॉर्ड करणारा कॅमेरा काहीच प्रसारित करत नाही, तो कुठल्याच अँटेनाला सापडणार नाही.