जुन्या मोडेमने नाव टाईप करून फोन लावता यायचा का, की ती नुसती करामत होती?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. जपून ठेवलेल्या सीरियल मोडेमवरून (कॉम्प्युटर फोनलाइनला जोडणारा, बाहेरून तारेने लावायचा डबा), कॉम्प्युटरवर नाव टाईप करून, साधा बोलायचा फोन लावता येईल का. आणि त्या काळी कोणी हे खरंच वापरायचं का, की पाहुण्यांना दाखवायची करामत होती. पहिल्याचं उत्तर हो, आरामात. दुसऱ्यासाठी मुद्दाम लिहायला बसले आहे, कारण हेच मला एकेकाळी तोंडावर ऐकवलं गेलं होतं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी एका कंपनीच्या दुरुस्ती विभागात फोनवर बसायचे. दिवसभर ग्राहक, मेकॅनिक आणि सुटे भाग पुरवणारे यांना फोन लावायचे. नंबर एका जाड वहीत: खोडलेले, वर गिरवलेले, समासात बाण काढून लिहिलेले. शेजारच्या टेबलावर डॉसचा (विंडोजच्या आधीचा, हुकूम टाईप करून चालवायचा) कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेला १२०० चा, म्हणजे सेकंदाला १२०० बिट पाठवणारा, मोडेम. रात्री मुख्य ऑफिसला आकडे पाठवले की त्याचं काम संपलं, दिवसभर रिकामा. हेज या कंपनीने १९८१ मध्ये स्मार्टमोडेम आणला तेव्हापासून मोडेमला साध्या अक्षरांत हुकूम सोडता येत होते, आणि आमचा मोडेमही तेच हुकूम मानणारा. मॅन्युअलमध्ये डायलिंगच्या पानावर अर्धविरामाबद्दल (;) एकदोन ओळी होत्या. त्या वाचल्यावर मला राहवेना.

सगळी गोम त्या अर्धविरामात आहे. एटीडीटी (टोनने नंबर फिरवायचा हुकूम) आणि नंबर एवढंच पाठवलं तर मोडेम पलीकडच्या मोडेमच्या शिट्टीची वाट बघतो आणि ती आली नाही की 'नो कॅरिअर' म्हणून लाइन सोडून देतो. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत बसतो. नंबरानंतर अर्धविराम दिला की तो नंबर फिरवतो, लाइन धरून ठेवतो आणि पुढच्या हुकुमासाठी थांबतो. आपण रिसीव्हर उचलायचा, मग एक कळ दाबायची. त्या कळेवर प्रोग्रॅमने एटीएच, म्हणजे लाइन सोडायचा हुकूम, पाठवायचा, मोडेम बाजूला होतो आणि कॉल आपल्या रिसीव्हरवर येतो. आधी एटीएच आणि मग रिसीव्हर असं केलंत तर फोन कटला.

प्रोग्रॅम मी बेसिक या सोप्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिला. नावाची पहिली तीन-चार अक्षरं टाईप करायची, जुळणारी सगळी नावं पडद्यावर यायची, त्यातलं एक निवडायचं. पहिलं जुळलेलं नाव परस्पर डायल करणारे प्रोग्रॅम मला आजही पटत नाहीत. एकाच आडनावाचे दोन ग्राहक असले की एकाची तक्रार दुसऱ्याला ऐकवाल.

आमच्या विभागात एक वरिष्ठ होते. त्यांना सगळे नंबर पाठ. ते सगळ्यांदेखत म्हणाले, "अगं, बोट फिरवायला कॉम्प्युटर लागतो होय? नंबर डोक्यात असावेत." दुसऱ्या आठवड्यात त्यांनी दहा बटणांचा मेमरीवाला फोन मागवून घेतला आणि तो माझ्या टेबलावर ठेवला. दहा बटणं! माझ्या फाइलमध्ये शेकड्यांनी नावं होती.

मग राँग नंबरचं प्रकरण झालं. सकाळच्या गर्दीच्या वेळी फोन भलतीकडेच लागायला लागले, आणि यंत्राला आकडे कळत नाहीत असं त्यांनी जाहीर करून टाकलं. मी मोडेमचा स्पीकर चालू ठेवून कान लावून बसले. आमच्याकडे बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य फिरवावं लागे, आणि गर्दीत दुसरा डायल टोन उशिरा यायचा. मोडेम त्या टोनची वाट बघत नाही. पहिले एकदोन आकडे वाऱ्यावर जायचे आणि उरलेल्यांवर भलताच नंबर लागायचा. शून्यानंतर स्वल्पविराम दिला की मोडेम २ सेकंद थांबतो. मी दोन स्वल्पविराम टाकले. राँग नंबर बंद. याबद्दल ते पुढे एक अक्षर बोलले नाहीत.

आणि माझी एकटीचीच ही कल्पना होती असंही नाही. बोरलँड कंपनीच्या १९८४ च्या साइडकिक या प्रोग्रॅममध्ये फोन लावून देणारा डायलर होता. १९८५ मध्ये पहिल्या विंडोजबरोबर आलेल्या कार्डफाइलमध्ये नावाच्या कार्डावरून ऑटोडायल करता यायचं. लोक वापरत होते म्हणूनच ते दिलं होतं ना?

खरा निकाल लागला तो ते वरिष्ठ लांबच्या रजेवर गेले तेव्हा. एका मोठ्या ग्राहकाचं मशीन रात्री बंद पडलं. ज्या पुरवठादाराकडे तो भाग मिळायचा त्याचा घरचा नंबर फक्त या वरिष्ठांच्या डोक्यात, कारण माझ्या फाइलसाठी तो त्यांनी मला कधी दिलाच नव्हता. रात्रपाळीच्या मुलाने वही चाळली, फाइल चाळली आणि हात टेकले. मशीन सकाळपर्यंत बंद. एखाद्याला चारशे नंबर पाठ असतील तर मला कौतुक आहे, पण तो रजेवर गेला की बाकीच्यांना त्याचा काय उपयोग? डायल करण्याचे आठ-दहा सेकंद वाचतात हा फायदा किरकोळच. नावांची एक फाइल, सगळ्यांना उघडता येणारी, नंबर बदलला की त्याच दिवशी दुरुस्त होणारी, ही खरी वस्तू. मोडेममुळे ती रोज वापरली गेली आणि रोज वापरली गेली म्हणून दुरुस्त राहिली. वहीच्या नशिबी ते कधीच नव्हतं.

म्हणून तुम्ही हे करणार असाल तर आधी नावं नीट लिहा. एकच आडनाव दोन जण दोन तऱ्हेने लिहितात. उच्चारावरून शोधायची साउंडेक्स पद्धत १९१८ मध्येच पेटंट झाली होती, बेसिकमध्ये बसवायला अवघड नाही. प्रत्येक नंबरापुढे तो शेवटचा कधी तपासला ती तारीख ठेवा.

आता राहिलेलं. बेसिकचा प्रोग्रॅम संपला की पोर्ट बंद होतो, डीटीआर (कॉम्प्युटर तयार आहे असं मोडेमला सांगणारी तारेतली खूण) खाली जातो आणि बरेच मोडेम तिथेच लाइन सोडतात. म्हणून रिसीव्हर उचलेपर्यंत प्रोग्रॅम संपू देऊ नका. मोडेम लाइनवर असताना त्याच्या फोनच्या खाचेत लावलेला फोन पुष्कळदा मुका असतो, तेव्हा रिंग ऐकायला एटीएम२ या हुकुमाने मोडेमचा स्पीकर चालू ठेवा. तुमची लाइन नव्या डिजिटल डब्यातून येत असेल तर एटीडीपी या हुकुमाचे पल्स, म्हणजे जुन्या चकतीच्या फोनसारखे सेकंदाला दहा ठोके, तो डबा ओळखेलच असं नाही, टोनच वापरा. आणि 'सीरियल' म्हणताय ते एकदा डोळ्यांनी बघून घ्या. कॉम्प्युटरच्या आतलं विंडोजसाठीचं स्वस्त कार्ड निघालं तर त्याचं अर्धं काम ड्रायव्हर करतो आणि डॉसमध्ये ते एकही हुकूम ऐकत नाही.