कॅनडाच्या प्रेअरीत रेल्वेनं धान्य उशिरा उचललं तर भुर्दंड शेतकऱ्यालाच का?

तुम्ही विचारलंय की तिकडचे, म्हणजे पश्चिम कॅनडाच्या प्रेअरी नावाच्या सपाट शेतीपट्ट्यातले शेतकरी हजारो एकरवाले, शेतावर स्वतःच्या लोखंडी कोठ्या, मग गाड्या थोड्या उशिरा आल्या तर बिघडतं काय आणि २०१४ ला सरकारला मध्ये का पडावं लागलं. मी तिथल्या सस्कॅचेवान प्रांतात सस्काटून शहरात राहतो, धान्याच्या धंद्यात हिशेबाच्या टेबलावर बसतो, त्यामुळे जे रोज बघतो ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे नकाशा बघा. सस्कॅचेवानपासून व्हँकुव्हर बंदर दीड हजार किलोमीटरच्या पुढं, मध्ये रॉकी पर्वत, आणि अमेरिकेत मिसिसिपीवर बार्ज (मालवाहू सपाट बोटी) चालतात तशी नदीची सोय इथं नाही. एवढ्या लांब ट्रकनं गहू नेणं परवडतच नाही. राहिली रेल्वे, तिथंही दोनच कंपन्या, सीएन आणि सीपी (२०२३ पासून सीपीकेसी), आणि बहुतेक एलेव्हेटर (रेल्वेलगतची धान्य कंपन्यांची खरेदी-साठवणीची गोदामं, शेतकरी माल तिथंच आणून विकतो) यातल्या एकाच लाईनवर. म्हणजे ती गाडी आली नाही तर दुसरी बोलवायची सोय नाही.

आता भाव कसा ठरतो ते बघा कारण सगळी मेख तिथंच आहे. बंदरावर जागतिक बाजाराचा भाव असतो, त्यातून रेल्वेचं भाडं, एलेव्हेटरचा खर्च, साफसफाई, बंदरावरच्या टर्मिनलचे पैसे, कंपनीचं मार्जिन, जहाज थांबलं तर त्याचा डेमरेज (खोळंब्याचा दंड), असं सगळं वजा होत होत जे उरतं ते शेतकऱ्याला. या फरकाला इथं बेसिस म्हणतात. आपल्याकडं कारखाना उसाच्या एफआरपीतून तोडणी वाहतूक कापून घेतो ना, लांबचा ऊस आणला म्हणून सरासरी वाढली तरी जवळच्या शेतकऱ्याच्या बिलातूनही तीच कापली जाते, तसंच आहे हे. वाटेत कुणी कसलाही येडा निर्णय घेऊ दे, त्याचे पैसे मागं सरकत सरकत शेतापर्यंत येतात आणि शेतकऱ्याच्या मागं ढकलायला कुणी नसतं.

२०१३ ला पश्चिम कॅनडात विक्रमी पीक आलं, साधारण ७६ दशलक्ष टन. मग कडाक्याची थंडी. उणे २५ च्या खाली गेलं की एअर ब्रेकमधली हवा गळते म्हणून गाड्या आखूड कराव्या लागतात, हे रेल्वेचं म्हणणं खरंच आहे, पण प्रेअरीत थंडी पडणार हे काय कुणाला नवीन होतं का? इंजिनं आणि माणसं जेवढ्यास तेवढी ठेवायची, म्हणजे कागदावर कार्यक्षमता छान दिसते, आणि जरा ताण आला की सगळं तुंबतं. एलेव्हेटर भरले, व्हँकुव्हरच्या बाहेर जहाजं नांगर टाकून उभी, आणि कंपन्यांनी शेतकऱ्यांनी माल आणूच नये म्हणून खरेदीचा भाव पाडला. बंदरावर भाव बरा होता हां, गावात पडला.

इथं एक गोष्ट लोक विसरतात. सगळे रेल्वेला शिव्या देतात, पण धान्याच्या भाड्यातून रेल्वेनं किती कमवायचं यावर २००० पासून कायद्यानं मर्यादा आहे, त्यामुळं बेसिस वाढला तो पैसा मुख्यतः रेल्वेच्या खिशात गेला नाही, तो धान्य कंपन्यांकडं राहिला कारण बंदरापर्यंतची जी थोडी जागा होती ती त्यांच्या हातात होती. सस्कॅचेवान विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ रिचर्ड ग्रे यांनी शेतकऱ्यांचं नुकसान अब्जावधी डॉलरचं काढलं होतं. आणि शेतकऱ्यांचा माल एकत्र विकणाऱ्या सरकारी व्हीट बोर्डाची गहू-बार्ली विकायची मक्तेदारी १ ऑगस्ट २०१२ ला संपली होती, म्हणजे कुठल्या जहाजाला कुठला माल कधी हवा हे एका जागी बसून जुळवणारंही कुणी उरलं नव्हतं. बोर्ड नको म्हणणारे पुष्कळ शेतकरी होते, त्यांची कारणंही होती, पण तो गेला तेव्हा त्याचं हे काम कोण करणार याचा नीट विचार झाला नाही असं माझं मत.

कोठ्यांत ठेवायचं ना मग, असं तुम्ही म्हणाल. ठेवलं की. पण बियाणं-खताचं कर्ज ठरल्या तारखेलाच फेडायचं असतं, जानेवारीत उचलतो म्हणून करार केलेला माल कंपनी महिनोन्महिने उचलत नाही आणि तेवढ्या काळाचं साठवणुकीचं भाडं मिळेलच असं नाही. कॅनोला (मोहरीसारखं तेलबी) तर कोठीत तापतो, लक्ष ठेवलं नाही तर खराब.

७ मार्च २०१४ ला सरकारनं आदेश काढला, दोन्ही रेल्वेंनी आठवड्याला किमान पाच-पाच लाख टन धान्य हलवायचं, नाहीतर दंड. पण आदेशात नुसते टन होते, कुठं न्यायचे ते नव्हतं! मग रेल्वेनं सोप्या मोठ्या मार्गांवर गाड्या पळवल्या आणि अमेरिकेच्या ओट्स गिरण्या, छोट्या लाईनी वगैरे राहिल्या बाजूला.

असले प्रकार जुनेच आहेत. १८९७ च्या सरकार आणि सीपी यांच्यातल्या क्रोज नेस्ट करारानं धान्याचं भाडं कमी ठरलं, पुढं ते कायद्यानं गोठवलं, म्हणून रेल्वेला त्यात पैसे घालावेसे वाटेनात, शेवटी १९७२ पासून सरकारनंच हॉपर वॅगन (खालून उघडून धान्य ओतता येणारे डबे) विकत घ्यायला सुरुवात केली. कच्चं धान्य बाहेर नेणं एवढं स्वस्त की इथंच जनावरांना घालून मांस विकणं महाग पडायचं. नंतर सबसिडी थेट रेल्वेला मिळू लागली तेव्हा तर अमेरिकेला जायचा माल आधी पूर्वेला थंडर बे या तलावकाठच्या बंदराला न्यायचा कारण तिथपर्यंत सबसिडी, आणि मग परत मागं आणून खाली अमेरिकेत सोडायचा, असंही चालायचं. १९९५ ला ही सबसिडी बंद केली ती एका झटक्यात. भरपाई १.६ अब्ज डॉलर, पण जमीनमालकाला, म्हणजे खंडानं करणाऱ्याला मालक देईल तेवढं. त्यानंतर गावोगावचे लाकडी एलेव्हेटर पटापट पडले, एकेकाळी पाच हजारांवर होते, आता चारशेच्या आत. शंभर डब्यांची गाडी एका जागी भरली की रेल्वेचे पैसे वाचतात, शेतकरी मात्र स्वतःच्या ट्रकनं पन्नास-शंभर किलोमीटर माल नेतो आणि त्यानं खराब झालेले रस्ते तिथली नगरपालिका दुरुस्त करते, म्हणजे परत त्याचाच कर.

शेतकरी गप्प बसले असं मात्र नाही. १९०२ मध्ये इथल्या सिंटालुटा गावाच्या शेतकऱ्यांनी सीपीच्या स्टेशन एजंटला वॅगन नंबरानं दिल्या नाहीत म्हणून कोर्टात खेचलं आणि जिंकले. एलेव्हेटर टाळून स्वतःची वॅगन मागवायचा शेतकऱ्याचा हक्क आजही कायद्यात आहे, पण एकेक वॅगन भरणाऱ्याला शंभर डब्यांवाली सूट मिळत नाही आणि भरायला साइडिंग (डबा उभा करायचा बाजूचा रूळ) तरी जवळ कुठं उरल्यात.