३,८०० पेपर आणि दोन महिने: स्क्रीनिंग जरा थांबव

तुझी पोस्ट वाचली आणि सहा वर्षांपूर्वीची मीच दिसले. पीएचडीचं दुसरं वर्ष, गाइड म्हणतात शेततळ्यांवर सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून, चाळून एकत्र मांडणं) कर, त्यातून सरकारी खात्याला पॉलिसी ब्रीफ, म्हणजे धोरणासाठी छोटं टिपण, द्यायचंय, सर्चमध्ये ३,८०० पेपर निघालेत, हातात दोन महिने, आणि तू विचारतेयस स्क्रीनिंगला, म्हणजे कुठले पेपर घ्यायचे न कुठले वगळायचे त्या चाळणीला, सॉफ्टवेअर कुठलं चांगलं. (वयाने बरीच मोठी आहे म्हणून अगंतुगं करतेय, चालेल ना?) पिको (प्रश्न मांडायचा साचा), प्रिझ्मा (रिव्ह्यू कसा लिहायचा त्याचे नियम) वगैरे तुला येत असणारच, त्यात जात नाही. सॉफ्टवेअरचं शेवटी सांगते. आधी प्रश्न नक्की कोणी, कसा दिलाय ते बघ.

मला प्रश्न एका मीटिंगमध्ये तोंडी मिळाला होता. "शेततळ्यांचा फायदा होतो का, एवढंच बघा." ऑफिस कुठलं ते सांगत नाही. मी फायदा म्हणजे उत्पादन आणि उत्पन्न असं धरून चालले, क्रायटेरियात, म्हणजे पेपर निवडायच्या निकषांत, तेच लिहिलं, आणि मी आणि माझी एक मैत्रीण आठ महिने चाळत बसलो. भूजल पातळीवरचा पेपर आला की 'आउटकम (मोजायचा परिणाम) वेगळा' म्हणून बाहेर. प्रेझेंटेशनला गेले तर प्रश्न देणाऱ्या साहेबांची बदली झालेली, आणि नवीन मॅडमनी दुसऱ्याच स्लाइडला विचारलं, "शेजारच्याच्या विहिरीचं काय?"

प्रश्न एकदम बरोबर होता गं. 'मागेल त्याला शेततळे' ही राज्य सरकारची अनुदान योजना २०१६ ला आली, कल्पना अशी की पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायचं. पण गावात जाऊन बघ, प्लास्टिकचा कागद अंथरलेली आणि विहिरीतून, बोअरमधून मोटर लावून भरलेली तळी कितीतरी दिसतील. ज्याचं तळं त्याची डाळिंबाची बाग उन्हाळ्यात तगते, पण ते पाणी सगळ्यांच्याच जमिनीखालचं, आणि वर उघड्यावर वाफ होऊन जातं ते वेगळंच. म्हणजे एका आउटकमला 'हो' आणि दुसऱ्याला 'नाही' असं उत्तर येऊ शकतं, आणि माझ्याकडे अर्धंच होतं. त्यात वगळलेल्या पेपरची कारणं आम्ही नोंदवलीच नव्हती, त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून चाळणी. मीटिंगचं इतिवृत्त मागितलं तर तीन पत्रं आणि पाच चकरांनंतर उत्तर आलं की अशा बैठकीची नोंद नाही. अजून आठवलं की राग येतो, कारण त्यात माझ्या मैत्रिणीची फेलोशिप संपली.

म्हणून एक पान लिही. कुठला भाग, कुठले शेतकरी, तळं अस्तराचं की बिनअस्तराचं, पावसाने भरलेलं की उपशाने, तुलना कशाशी, आणि आउटकम एकेक नाव घेऊन. खाली एक ओळ: या उत्तरावर तुम्ही कुठला निर्णय घेणार आहात? अनुदानाची अट बदलणार की तालुके ठरवणार? हे ईमेलने पाठव आणि लेखी होकार आल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. आता मी नवीन मुलांना शिकवते तेव्हा पहिले दोन दिवस सर्च करूच देत नाही, फक्त हे पान. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना तेच १०० अ‍ॅबस्ट्रॅक्ट वेगवेगळे बसून चाळायला देते आणि जिथे मतं फुटतात तिथे क्रायटेरिया पुन्हा लिहायला लावते. माझ्या मते सगळं ट्रेनिंग त्या भांडणात आहे, स्टॅटिस्टिक्स नंतर शिकता येतं.

दोन महिन्यांचं म्हणशील तर पर्यावरणातल्या रिव्ह्यूंना किती वेळ लागतो यावर २०१९ चा एक अभ्यास आहे, पूर्ण वेळ काम धरून रिव्ह्यूला सरासरी १६४ दिवस, सिस्टिमॅटिक मॅपला (कशावर किती अभ्यास झालेत याचा नुसता आढावा, उत्तर न काढता) २११. तेव्हा "मग मॅप कर, लवकर होतो" म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. प्रश्न लहान कर, रॅपिड रिव्ह्यू (काही पायऱ्या गाळून केलेला झटपट रिव्ह्यू) म्हण, आणि काय काय गाळलं ते ब्रीफमध्येच लिही.

अजून एक, फक्त इंग्रजी जर्नल्सवर थांबू नको. राहुरी, परभणी, अकोला, दापोलीच्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध कृषिकोश या ऑनलाइन संग्रहात शोध, शोधगंगा हा पीएचडी प्रबंधांचा संग्रहही बघ, शेततळ्यांची प्रत्यक्ष मोजमापं तिथे सापडतात. गूगल स्कॉलर पहिले १,००० च रिझल्ट दाखवतं, त्यामुळे 'सगळं पाहिलं' असं लिहू नकोस, सर्च स्ट्रिंग आणि तारीख त्याच दिवशी उतरवून ठेव. आणि कृपा करून 'अकरा पेपर बाजूने, तीन विरुद्ध' अशी मतमोजणी नको, दहा शेतकऱ्यांचा अभ्यास आणि चारशे विहिरींचा अभ्यास एका मापाने मोजता येत नाही.

सॉफ्टवेअर म्हणशील तर कॅडिमा हे रिव्ह्यूसाठीचं ऑनलाइन साधन फुकट आहे, दोघींनी वेगवेगळं चाळून जुळवता येतं. हे सगळं माझ्या अनुभवापुरतं, गाइडचं मत वेगळं असेल तर बाकीच्या बाबतीत त्यांचं ऐक, पण लेखी होकाराच्या बाबतीत अजिबात मागे हटू नकोस. पान तयार झालं की इथे टाक, आउटकमची यादी मी बघून देते.