अभ्यासिकेच्या गटाची संस्था म्हणून नोंदणी करावी का? नंतर काय काय मागे लागतं?

तुम्ही अकराजण मिळून अभ्यासिका चालवता आणि देणग्या एकाच्याच बचत खात्यावर जमा होतात, असं तुम्ही लिहिलंय. तेवढ्याच कारणासाठी नोंदणी करा. उद्या त्या माणसाचं बरंवाईट झालं, तर लोकांच्या पैशासाठी त्याच्या वारसांच्या दारात उभं राहावं लागेल.

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० प्रमाणे किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात तेवढ्यावर भागत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदणी करावी लागते. म्हणजे प्रमाणपत्रं दोन, पण दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातच होतात.

नोंदणी होऊन जाते हो. संस्था अडकतात त्या बदल अर्जात. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत १९५० च्या अधिनियमाच्या कलम २२ खाली बदल अर्ज देऊन त्या कार्यालयाला तसं कळवायचं असतं. मी गावच्या वाचनालयाचा चिटणीस झालो तेव्हा परिशिष्ट एकचा उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीची नक्कल, काढला. त्यावर नावं १९९४ च्या कार्यकारिणीची! नवांपैकी चारजण वारलेले. बँक म्हणाली, उताऱ्यावर नाव नाही तर सही चालणार नाही. पावसाळा तोंडावर, छप्पर गळतंय, खात्यात पैसे आहेत, पण काढता येत नाहीत. मग घरोघर जाऊन मृत्यूचे दाखले गोळा केले, मधल्या प्रत्येक निवडणुकीचा वेगळा बदल अर्ज आणि सोबत विलंब माफीचा अर्ज दिला. एका वर्षीच्या इतिवृत्तात हजर सभासदांच्या सह्याच नव्हत्या, तिथे फार जड गेलं. तोवर पुस्तकांची दोन कपाटं भिजली. ते अजून मनाला लागतं.

बाकी कामं नेमाने केली तर जड नाहीत. ३१ मार्चला हिशेब बंद करायचे आणि सहा महिन्यांच्या आत लेखापरीक्षण करून घ्यायचं. संस्थेची जागा विकायची तर आधी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. देणगीदारांना करसवलत हवी असेल तर प्राप्तिकर खात्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो. धर्मादायच्या नोंदणीने ती आपोआप मिळत नाही.

घटना, म्हणजे संस्थेची नियमावली, मात्र दुसऱ्या संस्थेची उतरवून घेऊ नका. कार्यकारिणीची मुदत किती, गणपूर्ती (सभेला किमान किती सभासद हजर हवेत) किती, सभेची नोटीस किती दिवस आधी, हे तुम्हाला खरोखर पाळता येईल तेवढंच लिहा. बदल अर्जाच्या चौकशीत तीच घटना समोर ठेवून विचारतात. आणि निवडणुकीच्या सभेतून कुणी उठायच्या आत इतिवृत्तावर सगळ्यांच्या सह्या घ्या.