आधी मांजर आलं, मग प्रश्न आले

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं की तुमच्याकडचं मांजर तुमच्याकडे आलं कसं. पत्रं भरपूर आली आणि ठरवून, विचार करून, जागा बघून मांजर आणलेले लोक त्यात अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळ्यांकडे ते येऊन बसलेलं. कुणाच्या गाडीच्या बॉनेटखालून निघालं, कुणाच्या शेजारचे भाडेकरू घर सोडून गेले आणि मांजर तेवढं मागे ठेवून गेले, एका ठिकाणी कोळणीच्या पाटीमागे चालत चालत दुसऱ्या मजल्यापर्यंत आलं आणि कोळीण गेली तरी हे तिथेच. एका काकांकडे तर मेव्हण्याने "चार दिवस सांभाळा" म्हणून ठेवलं होतं, मेव्हणा अजून न्यायला यायचाय. पण जवळजवळ प्रत्येक पत्राच्या शेवटी "आता काय करू" हे होतंच, तर त्यातली काही इथे घेतोय.

आमच्या माळ्यावर जुन्या गाद्यांच्या मागे एका भटक्या मांजरीने चार पिल्लं घातलीत, डोळे पण उघडले नाहीत अजून. आज सकाळपासून ती दिसली नाही. मुलांनी हात लावला म्हणून टाकून गेली असं आई म्हणते. गायीचं दूध पाणी घालून पाजू का? आणि मांजर पिल्लांना सात घरं फिरवते हे खरं का? (चिपळूण)

तुम्हाला फोनवर लगेच सांगितलंच होतं पण दर पावसाळ्यात हाच प्रश्न एवढे लोक विचारतात म्हणून इथे नीट लिहितो. पहिली गोष्ट, थांबा. मांजरी खायला शोधायला चार-पाच तास बाहेर राहते आणि माणसं माळ्यावर डोकावत असतील तर ती मुद्दाम येत नाही, बाहेर कौलांवर बसून तुमच्या जाण्याची वाट बघत असते. पिल्लं एकमेकांना चिकटून गप झोपली असतील, पोटं गोल दिसत असतील, तर आई येऊन जातेय असं समजा. खात्री हवी असेल तर गादीच्या आजूबाजूला कणकेची बारीक रेघ भुरभुरवा आणि दोन-तीन तास तिकडे कुणीही फिरकू नका, परत बघाल तेव्हा पावलं उमटलेली असतील तर विषय संपला. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लं टाकते हे खरं नाही, सारखं सारखं उचलाउचली केली तर ती जागा बदलते एवढंच.

आता सात घरं. जागा ती बदलतेच, आवाज झाला, वास आला, एखादा बोका घिरट्या घालायला लागला (बोके कधीकधी पिल्लं मारतात) की ती हलवते, पण सातचा हिशोब कुणी मांडून ठेवलेला नाही, दोनवर पण भागतं. महत्त्वाचं म्हणजे ती एका वेळी एकच पिल्लू मानेला धरून नेते, त्यामुळे वाटेत कुठे कुंडीमागे एकटं पिल्लू दिसलं की लोक "अनाथ सापडलं" म्हणून उचलून घरी आणतात आणि ती बिचारी परत येऊन शोधत बसते. आपल्याकडच्या "सापडलेल्या" मांजरांपैकी बरीच अशी आईच्या मधल्या खेपेत उचललेली असतात हे माझं मत आहे, आणि मी ते बदलणार नाही.

पिल्लं थंड पडलीत, सारखी ओरडतायत, पोटं खपाटीला गेलीत, तर मात्र आई येत नाहीये. तेव्हा आधी ऊब द्यायची, मग दूध. हा क्रम चुकवू नका कारण थंड पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. गरम पाण्याची बाटली जुन्या साडीत गुंडाळून शेजारी ठेवा, अंगाला थेट लावायची नाही. दूध म्हणजे गायीचं नाही, पाणी घालून तर अजिबातच नाही, जुलाब लागतात आणि एवढ्याशा जिवाला जुलाब म्हणजे संपलंच. मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दूध पावडर मिळते, व्हेटकडे (प्राण्यांच्या डॉक्टरकडे) किंवा पेट शॉपमध्ये, ती सुई काढलेल्या सिरिंजने पाजायची, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पिल्लू पालथं ठेवून पाजायचं, बाळासारखं उताणं धरलं तर दूध छातीत जातं. आणि पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शूची जागा हलकेच पुसायची, इतकी लहान पिल्लं आपणहून शू करत नाहीत, आई चाटते तेव्हा करतात, हे माहीत नसल्यामुळे दूध नीट पाजूनसुद्धा पिल्लं दगावतात.

आई आली असेल तर तुमचं काम सोपं, तिला खायला घाला आणि दोन महिने तिच्यावर सोडा. आठ आठवडे व्हायच्या आत पिल्लं कुणाला देऊ नका, कुणी कितीही "आत्ताच न्यायचंय" म्हणून मागे लागलं तरी. आणि पिल्लं दूध सोडायला लागली की आईचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या, लगेच, कारण पाजत असतानाही ती परत गाभण राहू शकते आणि जेमतेम नऊ आठवड्यांत पुढची वीण तुमच्या माळ्यावर हजर. तिच्या मुली पाच-सहा महिन्यांच्या झाल्या की त्यांचंही तेच सुरू होतं. गुणाकार तुम्हीच करा.

आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही. गॅलरीतून एक मांजर आलं आणि राहिलं, मुलगी आता सोडायला तयार नाही. दूधपोळीवर राहील ना? (पुणे ३०)

राहील, पण फार दिवस नाही. मांजराच्या अंगात टॉरीन नावाचं द्रव्य पुरेसं तयार होत नाही, ते मांसातूनच मिळावं लागतं, नाही मिळालं तर डोळे जातात आणि हृदय कमजोर होतं. पूर्वी गावाकडे दूधभातावर मांजरं जगायची असं सगळे सांगतात, ती दूधभात खाऊन रात्री कोठीतले उंदीर मारायची ते कुणी सांगत नाही. तुमच्या फ्लॅटमध्ये उंदीर नसावेत अशी अपेक्षा आहे.

मांस शिजवायची काही गरज नाही. मांजरांचं तयार कोरडं खाणं मिळतं, त्याला फार वासही येत नाही, वेगळी ताटली, वेगळा डबा, गॅलरीत ठेवा, स्वयंपाकघराचा आणि त्याचा संबंध नको. कुत्र्याचं खाणं घालू नका, त्यात मांजराला लागतं ते पुरेसं नसतं. कांदा-लसूण घातलेली आमटी-भाजी चुकूनही नको, मांजराला ते विष आहे. आणि ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉल देणारे लोक आहेत म्हणून सांगतो, एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. सोवळ्याचं काय करायचं ते मात्र आजींना विचारा, बहुतेक घरांत महिनाभरात आजीच मांजराला पहिलं वाढतात असा अनुभव आहे.

मला चौथा महिना आहे. आमची मनी लग्नाआधीपासून माझी, माहेरून माझ्याबरोबर पाठराखीण म्हणून आली असं सगळे चिडवतात. आता सासूबाई म्हणतात बाळाला धोका आहे, गावाला सोडून येऊ. खरंच धोका असतो का? (ठाणे)

सासूबाईंची भीती हवेतली नाही. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी आहे, गरोदरपणात पहिल्यांदा त्याची लागण झाली तर बाळाला त्रास होऊ शकतो आणि तो मांजराच्या शीतून बाहेर पडतो, इथपर्यंत त्यांचं बरोबर. पण पुढचं कुणी सांगत नाही. मांजर तो सहसा आयुष्यात पहिली लागण झाली की एक ते तीन आठवडे बाहेर टाकतं, नंतर बहुतेक नाहीच. आणि शी ताजी असताना त्यातून लागण होत नाही, किमान एक दिवस तरी जावा लागतो, म्हणजे लिटर (मांजराच्या शी-शूसाठी ठेवलेली वाळू) रोजच्या रोज साफ केलं तर ती वेळच येत नाही. हे काम नवऱ्याने करायचं, नऊ महिने, न चुकता, आणि नंतरही सवय राहिली तर उत्तमच. मनी घरातच असते, उंदीर मारत नाही, कच्चं मांस खात नाही, तर तिला लागण व्हायचा संभव आणखी कमी. तुम्हाला खरा धोका अर्धंकच्चं मटण, न धुतलेली पालेभाजी आणि हातमोजे न घालता कुंड्यांतली माती उकरणं यातून जास्त आहे, ते आधी बंद करा. डॉक्टरांना सांगा घरात मांजर आहे, ते रक्ताची टेस्ट करायला सांगतील, त्यात तुम्हाला पूर्वीच होऊन गेलंय असंही निघू शकतं.

राहिलं गावाला सोडण्याचं. घरात वाढलेलं मांजर गावात सोडलं की तिथली कुत्री आणि तिथली मांजरं त्याला टिकू देत नाहीत. शिवाय असं सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या खेपेचा दंड दहा ते पन्नास रुपये! मांजराच्या खाण्याचं एक छोटं पाकीट येतं तेवढ्यात, त्यामुळे कायद्याचा धाक दाखवून सासूबाई ऐकतील असं वाटत नाही, रक्ताचा रिपोर्ट दाखवा.

आमच्या बाईंनी सांगितलं की मांजर सगळ्यात आधी इजिप्तमध्ये पाळलं. माझा भाऊ म्हणतो मांजर कुणी पाळलंच नाही, ते स्वतः आलं. कोण बरोबर? (इयत्ता आठवी, सातारा)

दोघंही थोडे थोडे, पण भावाला जास्त मार्क. सायप्रस बेटावर शिलुरोकांबोस नावाच्या जागी एक दफन सापडलं, साधारण ९५०० वर्षांपूर्वीचं. माणूस पुरलेला आणि त्याच्यापासून ४० सेंटिमीटरवर आठेक महिन्यांचं मांजर, तेही नीट पुरलेलं. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. गंमत म्हणजे सायप्रसमध्ये मुळात रानमांजरं नव्हतीच, म्हणजे कुणीतरी त्याला होडीत घालून समुद्रावरून नेलं असणार. इजिप्तमधली खुर्चीखाली बसलेल्या मांजरांची चित्रं याच्या हजारो वर्षं नंतरची. ते सायप्रसचं मांजर पुरतं पाळीव होतं की नुसतं माणसाळलेलं यावर तज्ज्ञ अजून वाद घालतायत. पुढे २००७ मध्ये ९७९ मांजरांचा डीएनए तपासला तेव्हा घरातल्या सगळ्या मांजरांचं मूळ पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेकडच्या रानमांजराशी जुळलं. तिथेच माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली होती. धान्य आलं म्हणून उंदीर आले, उंदीर आले म्हणून मांजर आलं, आणि माणसाने हाकललं नाही. बाईंना हे सांग पण भावाला फार चढवू नकोस.

सोसायटीतला एक बोका रोज सकाळी आमच्याकडे नाश्ता करतो, आम्ही बंड्या म्हणतो. परवा कळलं तिसऱ्या मजल्यावर तो शेरू आहे आणि वॉचमनकडे पैलवान. तो नक्की कुणाचा? (डोंबिवली)

तिघांचा, आणि इथेच गोची आहे. त्याच्या गळ्यात ओढलं की सुटणारा पट्टा घाला, त्याला चिठ्ठी बांधा, फोन नंबर लिहा, आणखी चौथं घर पण निघेल बघा. कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं तर समजा कुणीतरी ऑपरेशन आधीच करून घेतलंय, नसेल तर तिघांनी वर्गणी काढा. मुंबईकडे येणं जमत असेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच, नाहीतर जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. लस आणि जंताच्या औषधाचं कार्ड मात्र एकाच घरात ठेवा, नाहीतर एकाच आठवड्यात बंड्या, शेरू आणि पैलवान तिघांनाही औषध जायचं.

आणि एक फार गंभीर गोष्ट. बोक्यांची लघवी तुंबते, सारखा बसतो, जोर करतो, ओरडतो आणि होत काही नाही. हे दिसलं की तासाभरात व्हेट गाठायचा, उद्या बघू म्हटलं तर उद्या बोका नसतो. तीन घरांत वाटलेल्या बोक्याच्या बाबतीत प्रत्येकाला वाटतं तो दुसऱ्याकडे असेल, म्हणून तो एक दिवस दिसला नाही तर विचारायला लाजू नका.

मुलाला पर्शियनच हवीय, घेऊ का? (नाशिक)

रोज विंचरायला कोण बसणार ते आधी ठरवा. चपट्या नाकामुळे श्वासाचा त्रास, उन्हाळ्यात हाल, डोळे सतत गळतात आणि या जातीत किडनीचा एक आनुवंशिक आजार बराच आढळतो. केसांच्या गाठी झाल्या म्हणून सोडून दिलेल्या पर्शियन मांजरी मी सांभाळल्यात, पाठीवर अख्खी चटई झालेली असते आणि ती काढायला भूल द्यावी लागते. मुलाला एखाद्या फॉस्टरच्या (दत्तक जाईपर्यंत मांजरं सांभाळणाऱ्याच्या) घरी घेऊन जा, तिथल्या देशी पिल्लांपैकी एखादं त्याच्या मांडीवर चढलं की पर्शियनचा विषय आपोआप मागे पडतो.

दत्तक घेतलेलं मांजर तीन दिवस दिवाणाखाली आहे, बाहेर येतच नाही. परत देऊ का? (छत्रपती संभाजीनगर)

नका देऊ. रात्री सगळे झोपले की ते अख्खं घर फिरून येतंय, लिटरमध्ये खड्डे दिसतात का बघा. खाणं-पाणी दिवाणाजवळ ठेवा, हात घालून ओढू नका, वाकून वाकून बघू पण नका, जमिनीवर बसून तुमचं तुम्ही वाचत बसा. काहींना दोन दिवस लागतात, काहींना तीन आठवडे. फक्त ताटली सकाळी भरलेलीच दिसली, असं दोन दिवस झालं, तर व्हेटकडे न्या, मांजराच्या लिव्हरला उपास झेपत नाही. पिल्लू असेल तर एक दिवससुद्धा थांबू नका.